नियामक आणि कारखाना यांच्या करारात पर्यावरणीय वचन कसे लिहावे?

मोजमाप (धागाकर्ते)

कायद्याने घालून दिलेल्या मर्यादेपेक्षा सरस कामगिरी करण्याचे वचन कारखाना देतो आणि त्या बदल्यात नियामक यंत्रणा त्याला काही सवलत देते, अशा करारांचा विषय निघाला की बहुतेक वेळ ‘किती टक्के घट’ या एकाच आकड्यावर खर्ची पडतो. दोन्ही बाजू त्या आकड्यासाठी घासाघीस करतात, बातमीत तोच छापला जातो आणि पुढे यशापयशही त्याच्यावरच ठरते. माझ्या मते वचनातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग हाच आहे. घट कोणत्या वर्षाच्या तुलनेत मोजायची, ती कशाने भागायची, कारखान्याचा कोणकोणता भाग हिशेबात धरायचा आणि मोजणार कोण व कोणत्या पद्धतीने, या चार गोष्टी आधी ठरल्या नसतील तर दहा टक्के काय आणि चाळीस टक्के काय, दोन्ही सारखेच पोकळ. या धाग्यात त्या चार गोष्टींविषयीच बोलावे अशी विनंती आहे. ‘उद्योग हवा की पर्यावरण हवे’ हा वाद इतरत्र पुष्कळ झाला आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. जपानमध्ये योकोहामा शहराने १९६४ साली कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राबाबत वीज कंपनीशी प्रदूषण नियंत्रणाचा करार केला. अशा केंद्रावर कडक अटी लादण्याचा पुरेसा कायदेशीर अधिकार तेव्हा शहराकडे नव्हता, म्हणून कराराची वाट धरली गेली आणि पुढे तिथल्या स्थानिक संस्थांनी असे करार हजारोंनी केले. नेदरलँड्सने १९८९ च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण आराखड्यानंतर एकेका उद्योगक्षेत्राशी करार केले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९५ मध्ये ‘प्रोजेक्ट एक्सएल’ आणि २००० मध्ये ‘परफॉर्मन्स ट्रॅक’ हे कार्यक्रम सुरू केले. पहिल्यात एकेका कारखान्याशी स्वतंत्र करार होत असे, तर दुसऱ्यात ठरावीक साच्यातील वचने घेतली जात.

आता आधारवर्षाकडे येतो. अमेरिकेत १९९१ साली ‘३३/५०’ नावाचा ऐच्छिक कार्यक्रम सुरू झाला. सतरा विषारी रसायनांचे उत्सर्जन आणि कचऱ्यातून आवाराबाहेर होणारी पाठवणी १९९२ पर्यंत ३३ टक्क्यांनी आणि १९९५ पर्यंत ५० टक्क्यांनी कमी करायचे, असे त्याचे लक्ष्य होते. ते लक्ष्य एक वर्ष आधीच, म्हणजे १९९४ मध्ये, गाठले गेले. ऐकायला उत्तम, पण आधारवर्ष १९८८ धरले होते, आणि घटीचा बराचसा भाग १९८८ ते १९९१ या काळातला, म्हणजे कार्यक्रमाचा जन्म होण्यापूर्वीचा होता. त्या घटीचे श्रेय कार्यक्रमाला द्यायचे की आधीपासून चालत आलेल्या इतर कारणांना, यावर नंतर बराच खल झाला. वचन देणाऱ्याला मागच्या तारखेचे आधारवर्ष नेहमीच आवडते, कारण वाट निम्मी सरलेली असताना प्रवास सुरू झाला असे दाखवता येते.

दुसरा प्रश्न असा की आधार म्हणून प्रत्यक्ष उत्सर्जन घ्यायचे की परवान्यात मुभा असलेले उत्सर्जन घ्यायचे? परवान्यात वर्षाला १०० टन लिहिलेले असते आणि कारखाना प्रत्यक्षात ६० टनच सोडत असतो, हे सर्रास दिसते. अशा कारखान्याने ‘आम्ही ८० टनांवर येतो’ असे म्हटले तर कागदावर २० टक्के घट दिसते आणि प्रत्यक्षात २० टन वाढीची मोकळीक मिळते. मिनेसोटा राज्यातील हचिन्सन येथील थ्रीएम कंपनीच्या कारखान्याचा ‘एक्सएल’ प्रस्ताव १९९६ मध्ये बारगळला, तो मुख्यतः ‘सरस कामगिरी’ म्हणजे नेमकी कशाहून सरस, याच प्रश्नावर. कंपनीची बाजूही अगदी टाकाऊ नव्हती; जिने आधीच आपण होऊन उत्सर्जन उतरवले आहे तिला त्याच उतरलेल्या पातळीपासून पुन्हा घट मागितली, तर आधीच्या चांगुलपणाची शिक्षाच होते. तरीही माझा कौल प्रत्यक्ष उत्सर्जनाच्या बाजूने आहे, आणि तोही एका वर्षाचा नव्हे, करारापूर्वीच्या दोन-तीन वर्षांच्या सरासरीचा. आधीच्या प्रयत्नांचे कौतुक करायचे असेल तर ते सवलतीच्या रूपाने करावे. आधाररेषा फुगवून करू नये.

भाजकाचा मुद्दा एका काल्पनिक उदाहरणाने मांडतो. आधारवर्षात उत्पादन १०,००० टन आणि सांडपाणी ५०,००० घनमीटर, म्हणजे टनामागे ५ घनमीटर. तीन वर्षांनी उत्पादन १२,००० टन आणि सांडपाणी ५४,००० घनमीटर, म्हणजे टनामागे साडेचार. कारखाना म्हणेल, दहा टक्के घट झाली. ज्या नदीत ते पाणी जाते तिच्या दृष्टीने आठ टक्के वाढ झाली. दोघेही खरे बोलत आहेत. ‘परफॉर्मन्स ट्रॅक’मध्ये उत्पादनाच्या प्रमाणात आकडे जुळवून घेण्याची मुभा होती आणि त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे, कारण उत्पादन वाढले म्हणून कार्यक्षम कारखान्याला नापास करणे योग्य नाही. पण भाजक म्हणून टनांऐवजी विक्रीची रक्कम घेतली की वचन बाजारभावावर तरंगू लागते. माल महागला की प्रदूषण आपोआप ‘कमी’ होते. म्हणून माझा आग्रह असा की प्रत्येक वचनात दोन्ही आकडे असावेत: प्रमाणातली घट हे लक्ष्य, आणि एकूण भाराची कमाल मर्यादा ही कुंपणाची भिंत.

पाणलोट

भाजकाच्या आधीची एक गल्लत सांगतो, कारण सांडपाण्याच्या कामात ती रोज भेटते. वचन तीव्रतेत (लिटरमागे किती मळ) लिहायचे की भारात (एकूण किती किलो मळ), हे कुणी विचारतच नाही. परवान्यातली मर्यादा लिटरमागे मिलिग्रॅममध्ये असते म्हणून करारातही तीच उचलली जाते.

समजा, एका कारखान्यातून रोज १,००० घनमीटर सांडपाणी बाहेर पडते आणि त्यातला सीओडी (मळाचे रासायनिक विघटन व्हायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे मळाचे एक माप) लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे. म्हणजे रोजचा भार २५० किलो. कारखान्याने धुण्याचे पाणी गाळून पुन्हा वापरायला सुरुवात केली आणि सांडपाणी ६०० घनमीटरवर आणले. भार तोच राहिला तरी तीव्रता लिटरमागे सुमारे ४१७ मिलिग्रॅम होते. नदीत जाणारा मळ एका किलोनेही वाढलेला नाही, नदीतून उचललेले पाणी मात्र ४०० घनमीटरने कमी झाले आहे, आणि तीव्रतेत वचन देऊन बसलेला हा कारखाना करारभंगाच्या यादीत गेला. याच्या उलट, जो कारखाना शेवटच्या टाकीत ताजे पाणी सोडून पाणी पातळ करतो तो उत्तीर्ण होतो. आपल्या कराराने कोणत्या वागणुकीला बक्षीस मिळते आहे, हे लक्ष्य ठरवण्यापूर्वी कागदावर दोन-चार उदाहरणे सोडवून पाहिले तरी कळते.

भारात वचन द्यायचे म्हटले की प्रवाह मोजावा लागतो, आणि खरी अडचण तिथे आहे. नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवण्याची सवय सगळ्यांना असते. पण नमुना घेतला त्या वेळी नाल्यातून किती पाणी वाहत होते याची नोंद अनेकदा अंदाजाने होते. प्रवाहमापक बसवलेला असला तरी त्याचे अंशशोधन (तो बरोबर मोजतो का याची पडताळणी) शेवटचे कधी झाले हे विचारले की फायलींची शोधाशोध सुरू होते. म्हणून वचनाच्या मजकुरात ‘प्रवाहमापकाचे अंशशोधन ठरावीक काळाने, त्रयस्थाकडून’ ही ओळ हवीच.

आणखी एक. वार्षिक सरासरीत एका रात्रीचा विसर्ग बुडून जातो. मासे त्या एका रात्रीत मरतात. भाराचे वचन वर्षाचे असले तरी चोवीस तासांची कमाल मर्यादा वेगळी लिहावी, आणि नदीचा प्रवाह आटतो त्या महिन्यांसाठी ती आणखी खाली असावी.

साशंक

एक भाबडा प्रश्न. हे सगळे इतके बारकाईने लिहायचेच असेल तर सरळ नियमच का करू नये? आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २००३ साली ऐच्छिक उपायांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष माझ्या आठवणीत पक्का आहे: ठरवलेली लक्ष्ये बहुतेक वेळा गाठली जातात, पण तो उपाय नसता तर जे घडले असते त्याहून अधिक सुधारणा झाल्याची उदाहरणे थोडीच सापडतात. जे होणारच होते त्याचेच वचन द्यायचे आणि त्याबद्दल तपासणीतून सूट घ्यायची, याला करार का म्हणावे?

मोजमाप (धागाकर्ते)

साशंक, प्रश्न भाबडा मुळीच नाही, आणि तो निष्कर्ष या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांसमोर ठेवावा असाच आहे. मात्र नियम सर्वांसाठी एकच असतो आणि कारखाने सारखे नसतात, ही अडचणही तितकीच खरी आहे.

ॲरिझोनातील चँडलर येथील इंटेलच्या कारखान्याशी १९९६ मध्ये झालेला ‘एक्सएल’ करार पाहा. अर्धवाहकांच्या, म्हणजे संगणकाच्या चिपांच्या, निर्मितीत प्रक्रिया सतत बदलतात. प्रत्येक बदलासाठी हवेच्या परवान्याची फेरतपासणी करायची तर परवाना हातात येईपर्यंत ती प्रक्रियाच जुनी होते. म्हणून संपूर्ण आवारासाठी उत्सर्जनाची एक कमाल मर्यादा ठरली आणि त्या मर्यादेच्या आत राहून यंत्रे व प्रक्रिया बदलण्याची मोकळीक दिली गेली. कारखान्याला वेळ मिळाला आणि नियामकाला एकूण उत्सर्जनावर छप्पर मिळाले. त्यावर टीकाही झाली; वेगवेगळ्या घातक वायूंची बेरीज करून एकच मर्यादा घातली तर कमी विषारी वायू घटवून अधिक विषारी वायू वाढवता येतो, हा आक्षेप मला रास्त वाटतो. असा करार करायचाच असेल तर बेरजेबरोबर प्रत्येक घातक द्रव्याची स्वतंत्र मर्यादाही लिहावी.

माझ्या दृष्टीने याहून शिकण्यासारखा करार व्हर्जिनियातील मर्क कंपनीच्या स्टोनवॉल कारखान्याचा आहे. हा कारखाना शेनंदोआ राष्ट्रीय उद्यानाच्या जवळ आहे. तिथे कोळशावरचे बॉयलर काढून नैसर्गिक वायूवर चालणारे बसवायचे ठरले आणि आवारातील एकूण उत्सर्जनाची मर्यादा परवान्यातल्या मुभेवरून न काढता आधीच्या प्रत्यक्ष उत्सर्जनाच्या २० टक्के खाली ठेवली गेली. त्यातली मला विशेष आवडलेली युक्ती अशी की उत्सर्जन मर्यादेपासून दूर असेल तर मोजणी आणि अहवालाच्या अटी सौम्य असतात, आणि ते मर्यादेच्या जवळ सरकू लागले की त्या पायरीपायरीने कडक होतात. वचन मोडण्याच्या दिवसाची वाट न पाहता धोका जवळ येताच नजर तीक्ष्ण होते. हे एका सरसकट नियमात बसवणे अवघड आहे.

कलम_पोटकलम

कायद्याच्या बाजूने दोन शब्द, कारण इथे अजून कुणी ‘वचन मोडले तर काय’ हा विषय काढलेला नाही.

नियामक हा कायद्याने निर्माण झालेला असतो; विधिमंडळाने सांगितलेली मर्यादा करार करून सैल करण्याचा अधिकार त्याला, कायद्यातच तशी तरतूद नसेल तर, नसतो. ‘एक्सएल’ची मोठी दुखरी नस हीच होती. नियमात लवचीकता देण्याचे आश्वासन होते, पण कायदा बदललेला नव्हता, त्यामुळे करारात दिलेली सूट एखाद्या त्रयस्थाने न्यायालयात आव्हान दिल्यावर टिकेल की नाही, याची धास्ती कारखान्यांना कायम राहिली. म्हणून करारातली सवलत नेहमी नियामकाच्या स्वेच्छाधिकारातली असावी: नियमित तपासणीची वारंवारता, अहवालाचे स्वरूप, परवाना नूतनीकरणाचा वेग. मूळ मर्यादेला हात लावू नये.

दुसरी बाजू वचनभंगाची. मोजमाप, तुम्ही कारखान्यांपुरते बोलावे असे म्हणता, तरी युरोपातील मोटार उत्पादक संघटनेच्या वचनाचा उल्लेख केल्याशिवाय हा मुद्दा स्पष्ट होत नाही. १९९८ मध्ये संघटनेने युरोपीय आयोगाला शब्द दिला की नव्या गाड्यांचे सरासरी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन २००८ पर्यंत किलोमीटरला १४० ग्रॅमवर आणू. २००८ मध्ये युरोपीय संघातील नव्या गाड्यांची सरासरी १५४ ग्रॅमच्या आसपास होती. शब्द संघटनेचा होता, वाटा कोणत्या कंपनीचा किती हे करारात ठरलेले नव्हते, आणि चुकल्यास दंड नव्हता. शेवटी २००९ साली बंधनकारक नियम आला, त्यात २०१५ पर्यंत १३० ग्रॅमचे लक्ष्य प्रत्येक उत्पादकाला वाटून दिले गेले आणि ओलांडलेल्या दर ग्रॅममागे दंडाची तरतूद झाली. सामूहिक वचनात प्रत्येकाचा वाटा लिहिलेला नसेल तर चूक कुणाचीच नसते.

नेदरलँड्सची रचना याहून शहाणी होती. करार क्षेत्राशी झाला तरी प्रत्येक कंपनीला ठरावीक वर्षांनी स्वतःचा पर्यावरण आराखडा द्यावा लागे, आणि जी कंपनी करारात येणार नाही किंवा आराखडा देणार नाही तिच्याबाबतीत परवान्याचा नेहमीचा कडक मार्ग खुला असे. कराराच्या मागे काठी दिसत असली की ती उगारावी लागत नाही.

धुराडे

मी कारखान्याच्या बाजूने या आकड्यांचे अहवाल भरत आलो आहे, म्हणून दोन गोष्टी जवळून दाखवतो. दोन्ही कुणाच्या बनवाबनवीमुळे घडत नाहीत, आणि म्हणूनच त्या करार लिहितानाच हाताळाव्या लागतात.

पहिली गोष्ट स्थिर भाराची. उत्पादन निम्मे केले म्हणून वीज निम्मी लागत नाही. दिवे, हवेचे दाबयंत्र, शीतकरण, सांडपाणी प्रक्रियेतील हवा सोडणारे पंखे हे उत्पादन असो वा नसो, चालूच असतात. समजा, महिन्याला ३,००,००० युनिट हा स्थिर भार आणि त्यावर दर टनाला २०० युनिट. २,००० टन उत्पादन झाले तर एकूण ७,००,००० युनिट, म्हणजे टनामागे ३५०. मागणी घटून उत्पादन १,५०० टनांवर आले तर टनामागे ४००. कुणीही कसलीही हयगय केलेली नाही आणि कामगिरी १४ टक्क्यांनी ‘खालावली’. उत्पादन ३,००० टन झाले तर टनामागे ३००. कुणी बोटही हलवलेले नाही आणि कामगिरी १४ टक्क्यांनी ‘सुधारली’. अशा ठिकाणी साधा भाजक वापरणे म्हणजे बाजाराच्या चढउताराला पर्यावरणाचे गुण देणे. त्याऐवजी आधारकाळातील महिनावार उत्पादन आणि वापर यांचा आलेख काढून त्यावरून अपेक्षित वापराची रेषा ठरवावी आणि वचन त्या रेषेच्या तुलनेत लिहावे. गणित शाळकरी आहे. कंटाळा मोठा असतो, इतकेच.

केवळ एकूण आकडा घेतला तर उलटा दोष येतो. ब्रिटनमध्ये २००१ पासून उद्योगक्षेत्रांशी हवामान बदल करार झाले आणि लक्ष्य गाठणाऱ्यांना ऊर्जेवरील हवामान शुल्कात सुरुवातीला ८० टक्के सूट मिळाली. पहिल्या टप्प्यात लक्ष्यापेक्षा कितीतरी अधिक घट दिसली, आणि तिच्यातला मोठा वाटा पोलादाचे उत्पादन घटल्यामुळे आलेला होता. मोजमाप यांची ‘लक्ष्य आणि कुंपण’ ही जोडी म्हणूनच मला पटते.

दुसरी गोष्ट प्रयोगशाळेची. सांडपाण्यातल्या एखाद्या जड धातूचे प्रमाण मोजताना जुन्या पद्धतीला लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या खालचे काही दिसत नव्हते असे धरा. अहवालात ‘आढळले नाही’ असे येई आणि प्रथेप्रमाणे हिशेबात मर्यादेच्या निम्मा, म्हणजे ०.०२५ हा आकडा धरला जाई. मग नवे उपकरण आले, ज्याला ०.००५ पर्यंत दिसते, आणि त्याने खरा आकडा ०.०१ दाखवला. कागदावर ६० टक्के घट. नाल्यात काहीही बदललेले नाही. याच्या उलटही होते: ‘आढळले नाही’ म्हणजे शून्य असे धरणाऱ्या कारखान्यात नवे उपकरण आले की प्रदूषण अचानक ‘उगवते’, आणि मग चांगले उपकरण घेणाराच गोत्यात येतो. यावर उपाय एकच: पद्धत बदलली तर काही महिने दोन्ही पद्धतींनी समांतर मोजणी करावी आणि आधाररेषा नव्या पद्धतीत रूपांतरित करून घ्यावी. उत्सर्जन प्रत्यक्ष न मोजता ठोकळ गुणकांवरून (उदाहरणार्थ, टनभर इंधनामागे अमुक इतके उत्सर्जन) काढले जात असेल तर तिथेही तेच. गुणक सुधारला की आधारवर्षाचा आकडाही त्याच गुणकाने पुन्हा काढायचा. ही ओळ करारात नसेल तर तिसऱ्या वर्षी भांडण ठरलेले.

नवागत

करारात किती वचने असावीत? आमच्याकडे एका मसुद्यात पंचवीस कलमे आहेत, त्यांतली निम्मी ‘जनजागृती करू’, ‘कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊ’, ‘शक्य तेथे पुनर्वापर करू’ अशी आहेत.

मोजमाप (धागाकर्ते)

नवागत, ‘परफॉर्मन्स ट्रॅक’मध्ये मोठ्या कारखान्याकडून तीन वर्षांसाठी चार आणि लहानाकडून दोनच वचने घेत असत, आणि दरवर्षी प्रगतीचा अहवाल मागत. इतकी कमी असूनही अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या महानिरीक्षकांनी २००७ मध्ये नमुन्यादाखल तपासणी केली, तेव्हा बहुतेक सदस्यांना आपली सगळी वचने पूर्ण करता आली नव्हती असे आढळले. २००९ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला. त्यामुळे पंचवीस कलमांचा मसुदा पाहिला की मला वाटते, यांतल्या कोणत्याच कलमाकडे कुणी गंभीरपणे पाहणार नाही.

प्रशिक्षण, जनजागृती, समित्या ही साधने आहेत. साधनांचे वचन घेऊ नये. ती कारखान्याने हवी तशी वापरावीत. वचन हवेत, पाण्यात, कचऱ्यात किंवा कच्च्या मालाच्या वापरात दिसणाऱ्या बदलाचे असावे. ‘शक्य तेथे’ हा शब्दप्रयोग तर सरळ खोडून टाका. शक्य आहे की नाही हे ठरवणारा वचन देणाराच असेल तर ते वचन राहत नाही. आणि कोणती चार निवडायची, याचे उत्तर कारखान्याच्या सोयीवर सोडू नये. ज्याच्या रंगकामातून द्रावकांची वाफ ढगासारखी बाहेर पडते, त्याने कार्यालयातला कागद वाचवण्याचे वचन दिले तर ते हसून परत करावे.

नदीकाठ

आतापर्यंतची सगळी चर्चा दोन पक्षांची आहे. ज्यांच्या विहिरीत पाणी झिरपते आणि ज्यांच्या खिडकीत काजळी बसते ते या कराराचे पक्षकार नाहीत, याचा उल्लेखही आलेला नाही. जपानमधील काही करारांत रहिवाशांचे गट स्वतः सही करणारे किंवा साक्षीदार म्हणून असतात, आणि मोजणीचे आकडे पाहण्याचा किंवा आवारात जाऊन पाहणी करण्याचा हक्क त्यांना करारानेच मिळालेला असतो. त्याने करार लांबतो, हे मान्य. पण नियामकाकडे मनुष्यबळ कमी असते आणि कारखान्याशेजारी राहणारा माणूस चोवीस तास तिथेच असतो; वास कोणत्या वेळी येतो हे त्याला वार्षिक अहवालापेक्षा अचूक ठाऊक असते.

दुसरे म्हणजे हवेतले प्रदूषण पाण्यात ढकलणे. धूर धुण्यासाठी स्क्रबर बसवला की हवेचे वचन पाळले जाते आणि तीच घाण सांडपाण्यात उतरते. सांडपाणी शुद्ध केले की ती गाळात बसते. गाळ आवाराबाहेर कुणा वाहतूकदाराच्या हवाली केला की ती कारखान्याच्या हिशेबातूनच नाहीशी होते. धागाकर्त्यांनी चौकटीचा, म्हणजे कोणता भाग हिशेबात धरायचा याचा, मुद्दा पहिल्याच परिच्छेदात काढला आणि नंतर सोडून दिला. खरे तर सगळ्यात मोठी गळती तिथेच असते.

मोजमाप (धागाकर्ते)

नदीकाठ, चौकटीचा मुद्दा तुमच्याच पद्धतीने मांडणे योग्य. प्रत्येक वचनासोबत एक जोडओळ असावी: अमुक द्रव्याची हवेतली घट मोजताना तेच द्रव्य पाण्यात, गाळात आणि आवाराबाहेर पाठवलेल्या कचऱ्यात किती गेले याचाही आकडा द्यावा, आणि तिथे वाढ झाली असेल तर तेवढी घटीतून वजा करावी. द्रव्याचा ताळेबंद मांडला की हे आपोआप दिसते. किती आले, किती मालात गेले, किती बाहेर पडले. जो विभाग प्रदूषण करतो तोच बाहेरच्या ठेकेदाराकडे सोपवला तर? तेव्हा आधारवर्षातूनही त्या विभागाचा आकडा वजा करायचा, म्हणजे काम बाहेर दिल्याने कामगिरी सुधारलेली दिसणार नाही.

रहिवाशांनी सही करावी की नाही, याबद्दल माझे मत अजून पक्के नाही. आकडे मात्र वर्षाच्या शेवटी गोषवाऱ्यात न देता जसे मोजले तसे, मोजणीच्या तारखेसह सार्वजनिक असावेत, यात मला शंका नाही.

धुराडे

एक गोष्ट कारखान्यातले लोक बैठकीत बोलत नाहीत, म्हणून इथे लिहितो. आम्ही वचन देताना हातचे राखून देतो. वीस टक्के घट जमेल असे आतल्या हिशेबाने दिसत असेल तर बारा टक्क्यांचे वचन देतो. कारण भीती अशी असते की आज गाठलेली पातळी उद्या परवान्यात किमान अपेक्षा म्हणून लिहिली जाईल आणि पुढच्या करारात तिच्याखाली उतरायला सांगितले जाईल. जो जास्त धावतो त्याचीच शर्यत लांबवली जाते. ही भीती करारातून काढली नाही तर नियामकाला खरा आकडा कधीच कळणार नाही, मग आधाररेषा कितीही काटेकोर काढा.

मोजमाप (धागाकर्ते)

ही भीती खरी आहे आणि ती पूर्ण घालवता येईल असे मला वाटत नाही, पण कमी करता येते. करारातच लिहावे की वचनापेक्षा जास्त झालेली घट पुढच्या एका कराराच्या मुदतीपर्यंत परवान्यात उतरवली जाणार नाही, आणि पुढच्या कराराची आधाररेषा ठरवताना त्या जादा घटीचा निम्मा भाग कारखान्याच्या खात्यात जमा धरला जाईल. अपवाद दोनच: त्या द्रव्यामुळे आरोग्याला होणाऱ्या अपायाबद्दल नवी माहिती पुढे आली, किंवा कायद्यातली मर्यादाच बदलली. निम्माच का, असे विचाराल तर पूर्ण जमा धरल्यास सुधारणा तिथेच गोठते आणि काहीच न धरल्यास हातचे राखणे चालू राहते. हा आकडा घासाघिशीचा आहे, आणि घासाघीस करायचीच असेल तर ती इथे करावी.

कलम_पोटकलम

या कलमाला हरकत नाही. फक्त ‘परवान्यात उतरवली जाणार नाही’ याऐवजी ‘या घटीच्या एकमेव आधारावर उतरवली जाणार नाही’ असे लिहा, नाहीतर नियामकाने आपला वैधानिक अधिकार आधीच गहाण टाकला असा आक्षेप घेता येईल.

आणि मुदतीच्या मध्यात कारखाना विकला गेला तर काय, हेही लिहून ठेवा. परवाना सहसा कारखान्याबरोबर नव्या मालकाकडे जातो, कराराचे तसे होईलच असे नाही. सवलत मात्र सवयीने चालू राहते. नव्या मालकाने नव्वद दिवसांत सगळ्या वचनांचा लेखी स्वीकार कळवला नाही तर तपासणीतली सूट त्या दिवसापासून संपते आणि नियमित तपासणी पूर्ववत होते, एवढी ओळ पुरते.